बासष्ट फुटांची रांगोळी

सोलापूरपासून समुद्र किती लांब आहे हे मला विचारू नका. चौतीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली, पण माझी सगळ्यात लांब सरळ रेषा आमच्या ओसरीपासून कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपर्यंतच जाते. आणि त्याच घराच्या माडीवर बसून माझा भाचा हृषीकेश समुद्रावर जाणाऱ्या शिडाच्या बोटी काढतो, हा विनोद गल्लीला गेली सहा वर्षं पुरला आहे. "बाई, बोट कुठं सोडणार? सिद्धेश्वर तलावात?" असं मला रोज कुणीतरी विचारतं. ज्यांना लघुकोन आणि विशालकोन यांतला फरक सांगता येत नाही, त्यांना मी बोट काय समजावणार!

बोट काढतो म्हणजे हृषीकेश चित्रं काढत नाही. विशाखापट्टणमला जाऊन तो जहाजबांधणी शिकून आला. बोट लांब किती, रुंद किती, पाण्यात किती बुडेल, वाऱ्यानं किती कलेल आणि कलली तर परत सरळ कशी होईल, हे सगळं तो गणितानं ठरवतो. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या बोटींचे तुकडे काढत होता. कुणाचं सुकाणू, कुणाचा जिना. आता पहिल्यांदा अख्खी बोट त्याच्या नावावर होणार होती. बासष्ट फूट लांब, सतरा फूट रुंद, बत्तीस टन वजनाची, पंच्याऐंशी फूट डोलकाठीची, पृथ्वीप्रदक्षिणेला निघणारी बोट!

होणार होती म्हणते, कारण एक सही अडली होती.

बोट हवी होती गुरुसिद्धप्पांना. मूळचे अक्कलकोटचे, आता सोलापुरातच राहतात. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनं सांभाळून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. लोक निवृत्त झाल्यावर वळसंगला शेत घेतात, यांनी बोट काढली. गोव्याच्या कारखान्यात बांधायचं ठरलं, स्क्रूपर्यंत सगळं पास झालं. पण नवराबायको दोघंच त्या बोटीत राहणार, म्हणून चीफसाहेबांनी स्वतःच अट घातली होती की बायकोची, शांतम्मांची, सही झाल्याशिवाय काम सुरू होणार नाही. आणि शांतम्मा सही करीत नव्हत्या.

"मला कागदात घर दिसत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. "चालून दाखवा. मग बघू."

हृषीकेशनं त्यांना डोळ्यांवर लावायचा तो चष्मा दिला, ज्यात सगळी बोट आतून दिसते. त्यांनी तो लावला, दोन पावलं टाकली, चक्कर येते म्हणून काढला आणि हातरुमालात गुंडाळून परत दिला.

त्याच आठवड्यात हॉलंडच्या एका कंपनीचं पत्र आलं. नोकरी, घर, सगळं. सोमवारपर्यंत कळवा म्हणून. हृषीकेश म्हणाला, "आत्या, ही बोट झाली तर मी इथंच बसून काम करीन. नाही झाली तर जावं लागेल. किती दिवस दुसऱ्यांचे जिने काढू?" मी म्हटलं, जा की, खुशाल जा. चांगल्या मोठ्या तोंडानं म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन रडले. दहावीपासून तो माझ्याजवळ आहे. त्याचे आईवडील पुण्याला गेले तेव्हा शाळा बदलायला नको म्हणून ठेवला, तो राहिलाच. नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते, त्यामुळे तोंड अर्ध्या तांब्यात धुतलं.

तोंड धुता धुताच मला सुचलं. बाहेर येऊन म्हटलं, "हृषी, बाईला चालायचंय ना? मग जमिनीवर काढू. आहे त्या मापाची. रांगोळीनं."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यालाही कळलं.

एवढी जागा एकाच माणसाकडे होती. आमच्या घरामागे आरिफचं मंडप डेकोरेटर्सचं गोडाऊन आहे आणि पुढे कनाती वाळत घालायला ऐंशी फुटी कोब्याचं अंगण. हा आरिफ नववी ब मध्ये माझ्या वर्गात होता. कोन दुभागणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, पण आज अर्ध्या सोलापूरची लग्नं त्याच्याच मंडपात लागतात. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, बासष्ट फूट म्हणजे काहीच न्हाय. लग्नात आमी शंभर फुटी मांडव घालतो. वरनं पांढरं कापड बी ताणतो, ऊन लागणार न्हाय. पण एक सांगा, बोट इथनं नेणार कशी?"

"नेणार नाही, आरिफ. रांगोळी आहे ती."

"हां हां, ते समजलं. मी आपलं विचारलं."

शनिवारी दुपारी सुरू केलं. सुतळी निळीत बुडवून मधली रेषा मारली, बासष्ट फूट, केसभरही वाकडी नाही. आणि तिथंच माझी विद्या संपली. जन्मभर मी कंपासनं वर्तुळं काढत आले आणि बोटीचा एकही बाक कंपासनं निघत नाही! तीनदा पुसलं. चौथ्यांदा मी रांगोळीचा डबा आपटला. आरिफ लांबून बघत होता. तो आत गेला आणि कमानीला लावतात ती चिरलेल्या बांबूची लांब कांब घेऊन आला. हृषीकेशनं दिलेल्या खुणांवर विटा ठेवल्या आणि कांब त्या विटांना टेकवून वाकवली. कांब आपसूक वळली. इतका गोड बाक मी चौतीस वर्षांत फळ्यावर काढला नव्हता.

हृषीकेश ओरडला, "आत्या, अगं जुने बोटी बांधणारे असंच करायचे! हुबेहूब असंच!"

"मग मला नववीत नापास का केलं?" आरिफ म्हणाला. मी त्याला दोन किलो पांढरी रांगोळी आणायला पिटाळलं.

बाहेरची भिंत पांढरी, आतल्या भिंती पिवळ्या, ओल्या जागा निळ्या. तीन झोपायच्या खोल्या, बैठक, स्वयंपाकघर, दोन संडास, इंजिनाची खोली. प्रत्येक दाराला उंबरा काढला आणि उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं, कारण हृषीकेशचं गणित असलं तरी रांगोळी माझी होती. डोलकाठीच्या जागी आरिफनं वीस फुटांचा बांबू रोवला. "राहिलेले पासष्ट फूट मनात धरा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. सुकाणूच्या जागी सायकलचं चाक बसवलं आणि ते फिरतंही होतं.

आता नळाचं सांगते. आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी सहाव्या. त्यामुळे कोरडा नळ बंद करायची पद्धतच नाही. बंद नळ मुका असतो. उघडा ठेवला की पाणी यायच्या आधी तो सुस्कारे टाकतो, मग खोकतो, आणि तो खोकला ऐकून गल्ली बादल्या घेऊन धावते. आरिफच्या अंगणातल्या नळाला कनाती धुवायचा लांब रबरी पाइप आहे. शनिवारी हात धुवायला मी तो नळ सोडला, थेंब नव्हता, तसाच उघडा ठेवला. या खेपेला पाण्याचा वार सोमवार. पाइपचं तोंड बोटीच्या टोकाशी पडलं होतं आणि ते तिथं आहे हे मी विसरूनही गेले.

रविवारी अकराला पाहुणे आले. गुरुसिद्धप्पा पांढऱ्या शर्टात, शाळेच्या निकालाला आलेल्या पालकासारखे घामेघूम. शांतम्मा इरकल नेसून, हातात पिशवी. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात दोनदा बघितला होता आणि दोन्ही वेळा गाडीची काच वर करून, हे चीफसाहेबांनी मला हळूच सांगितलं.

शांतम्मांनी रेषेबाहेर चपला काढल्या. उंबऱ्याशी थांबल्या.

"उंबरा केवढा उंच?"

"एक फूट," हृषीकेश म्हणाला. "लाट आली तर पाणी आत येऊ नये म्हणून."

"आमच्या फ्लॅटला उंबराच नाही. कसलं घर ते!" असं म्हणून त्यांनी साडी उचलली आणि एक फूट उंच पाय टाकून आत गेल्या. मागून आरिफ सरळ भिंतीतून घुसला.

"आरिफ! दार कुठंय?" मी ओरडले.

"चुकलं, बाई." तो बाहेर गेला, वळसा घालून दारातून आला. त्यानंतर दिवसभर कुणी भिंत ओलांडली नाही. एवढा चाळीस-पंचेचाळीसचा माणूस, दोन खोल्यांमधली पिवळी रेघ दिसली की कडेकडेनं दार शोधायचा.

स्वयंपाकघरात शांतम्मा बराच वेळ उभ्या राहिल्या. हात पसरून बघितले. "लहान आहे."

"मुद्दाम लहान," हृषीकेश म्हणाला. "बोट डावीकडे कलली की कंबर ओट्याला टेकते, उजवीकडे कलली की मागच्या फळीला. पडायला जागाच नाही. आणि शेगडी टांगलेली आहे. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते, दूध सांडत नाही."

त्यांनी डावीकडे कलून बघितलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, जरा जोरात, आणि एकदम खुदकन हसल्या. चीफसाहेबही बैठकीत उभ्या उभ्या डोलायला लागले. आरिफ चाक फिरवत ओरडला, "वारा वाढला!" आणि मग काय सांगू, भर दुपारी सोलापुरात पाच मोठी माणसं कोब्यावर एका तालात डावीउजवीकडे डोलत होती. मी, निवृत्त मुख्याध्यापिका, डोलत होते. कुंपणापलीकडे एक रिक्षा थांबली, रिक्षावाल्यानं बघितलं आणि मुकाट्यानं निघून गेला.

संडास स्वयंपाकघराला लागून आहे म्हणून शांतम्मांनी नाक मुरडलं. चीफसाहेब म्हणाले, जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशांचा संडास अगदी पुढच्या टोकाला असायचा, तिथं नेऊ का? हृषीकेश म्हणाला, नेता येईल, पण लाट आली की आत बसलेला माणूस छताला लागेल. शांतम्मांनी चीफसाहेबांकडे बघितलं, मनात काहीतरी कल्पना केली आणि म्हणाल्या, "राहू दे हितंच. मधे कपाट घाला."

"आणि ही बोट आडवी झाली तर?" त्यांनी हृषीकेशला विचारलं.

"तळाला दहा टन शिसं आहे. कितीही कलू दे, परत उभी राहते."

"ती खेळण्यातली बाहुली असते बघा, ढकलली तरी उठती," आरिफ चाकावरून म्हणाला. शांतम्मांना ते पटलं. मी हृषीकेशकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. बैठकीत सगळ्यांनी रेषा सांभाळून मांडी घातली आणि कडक भाकरी चटणीशी खाल्ली. इतकं सुरळीत चाललं होतं की मी मनातल्या मनात हॉलंडला नकाराचं पत्र लिहायला घेतलं होतं.

हात धुवायच्या वेळी त्यांनी विचारलं, "पाणी?"

हृषीकेशनं घसा साफ केला. "जमिनीखाली टाक्या आहेत. बाराशे लिटर. शिवाय समुद्राचं खारं पाणी गोडं करणारं यंत्र आहे, पण त्याला वीज लागते म्हणून ते पाचव्या दिवशी लावायचं. मधे जरा काटकसर करावी लागेल."

"ते जाऊ दे. घराच्या खाली जे पाणी, समुद्राचं, ते किती खोल?"

आता इथं एखाद्या शहाण्या माणसानं काहीतरी गुळमुळीत सांगितलं असतं. पण चीफसाहेब तीस वर्षं खोटं न बोलता इंजिनं चालवलेले. "मधे कुठं कुठं चार हजार मीटर," ते म्हणाले.

शांतम्मांच्या हातातला चटणीचा डबा खाली आला.

"अय्यो, बेडा," त्या कानडीत म्हणाल्या. "नको. मला नको. खाली चार हजार मीटर पाणी आणि त्याच्यावर मी झोपू? बेडा, बेडा!" आणि त्या उठल्या, चालू लागल्या, दारातून नाही, सरळ भिंतीतून. पांढरी रेघ त्यांच्या पायानं फरफटली. चपलांपाशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. चीफसाहेब भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसले. हृषीकेशनं मान खाली घातली. उद्या सोमवार, त्याचं होकाराचं पत्र, मग विमानतळ, मग मी आणि ती रिकामी माडी. सगळं मला एकदम दिसलं आणि मला त्या बाईचा, त्या समुद्राचा आणि भूमितीचाही भयंकर राग आला.

त्या सगळ्या सुतकात नळ खोकला ते कुणीच ऐकलं नाही.

रबरी पाइप एकदम उसळला, दोनदा आपटला, आणि बोटीच्या टोकातून आत भसाभस पाणी! पुढची झोपायची खोली गेली. मग संडास. निळा, पिवळा, पांढरा एक होऊन स्वयंपाकघराकडे धावू लागला.

"आत्या, पाणी! बोटीत पाणी!" हृषीकेश किंचाळला आणि नळाकडे पळाला.

"थांब रे! नळ बंद करू नको!"

ओरडणाऱ्या शांतम्मा होत्या. वळल्या होत्या. डोळे असे चमकत होते की मी दोन पावलं मागे सरले. "एक दिवस आधी आलंय, आणि बंद करतो? भांडी! भांडी आणा!" त्यांनी निऱ्या खोचल्या, बोटीकडे धावल्या आणि एवढ्या घाईतसुद्धा उंबऱ्यावरून पाय उचलून आत आल्या.

आरिफच्या गोडाऊनमध्ये लग्नाची भांडी. पिंपं, तपेली, घंगाळं, हजार माणसांच्या भाताची पातेली. सगळी बाहेर आली. शांतम्मा बोटीच्या मधोमध, पावलं बुडतील एवढ्या पाण्यात उभ्या. पाइप त्यांच्या हातात. "पिण्याचं उजव्या हाताला! वापरायचं डावीकडे! जमिनीवरचं लोटून झाडांना घाला, वाया घालवू नका! रीऽ, अहो, बघत काय बसलात, घंगाळ धरा!" चीफसाहेबांनी भाकरी खिशात टाकून घंगाळ धरलं. मी झाडूनं पाणी लोटत होते, आरिफ पिंपं ढकलत होता, हृषीकेश त्याच्या बोटीवरून पातेली वाहत होता. सगळे घसरत होते, हसत होते, ओरडत होते. आरिफ एकदा भिंतीतून गेला आणि भिंतच राहिली नाही हे लक्षात येऊन तिथंच हसत बसला.

पाऊण तासानं नळ पुन्हा खोकला आणि गप्प झाला.

बोट राहिली नव्हती. एक उंबरा, लक्ष्मीचं एक पाऊल आणि सुकाणूचं चाक एवढंच उरलं होतं. हृषीकेश चिंब होऊन उभा होता. "बुडाली," तो म्हणाला.

शांतम्मा भरलेल्या भांड्यांकडे बघत होत्या. भरल्या भांड्यांकडे बघताना आमच्याकडच्या बायकांचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगून कळायचं नाही. "हे सगळं मिळून किती असेल?" त्यांनी विचारलं.

आरिफला आपली भांडी पाठ. दोनशेची चार पिंपं, शंभराची दोन, बाकी किरकोळ. "अकराशेच्या आसपास."

"आणि तुझ्या टाकीत?"

"बाराशे," हृषीकेश म्हणाला.

"म्हणजे एवढं पाणी खाली भरून ठेवून झोपायचं. आणि पाचव्या दिवशी यंत्र लावायचं."

"हो."

"यंत्र लावलं की पाणी येतंच?"

"येतंच. तासाला साठ लिटर."

"कधी येतं? पहाटे? रात्री?"

हृषीकेशला प्रश्नच कळला नाही. "कधी म्हणजे? तुम्ही म्हणाल तेव्हा."

शांतम्मा त्या उरलेल्या उंबऱ्यावर बसल्या. ओल्या कोब्यावर, नव्या इरकलीसकट. मग नवऱ्याकडे वळल्या. "मी म्हणीन तेव्हा. रीऽ, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला काय माहीत, तुला..."

"तीस वर्षं तुम्ही पाण्यावर होता, आणि मी इथं पाण्याची वाट बघत होते. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मुक्कामाला गेले नाही, पाण्याचा वार होता म्हणून. भीती वाटते मला त्या चार हजार मीटरची. अजून वाटते. पण मी म्हणीन तेव्हा नळ येणार असेल तर मी ती भीती घेऊन येते. कुठं सही करायची?"

सहीचा कागद हृषीकेशच्या खिशात पार भिजला होता. तरी त्यांनी त्याच्यावरच केली, आरिफच्या पाठीवर कागद ठेवून, मराठीत आणि खाली कानडीत. चीफसाहेब खिशातली ओली भाकरी काढून खात होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकाच हातानं.

निघताना हृषीकेशनं विचारलं, "आत्या, नळ कुणी उघडा ठेवला होता?"

"मी," मी म्हटलं. "आणि पुढंही उघडाच राहील."

घरी येऊन त्यानं हॉलंडला नकार कळवला. पत्रातले शब्द मी तपासून दिले, दोन चुका होत्या. तो माडीवर गेला, कपाटाची नवी भिंत काढायला. त्याच्या खुर्चीचा आवाज वरून यायला लागला, तेव्हा मी न्हाणीघरात गेले आणि पुन्हा रडले. आज पाणी आलेलं होतं, म्हणून तोंड चांगलं दोन तांबे घेऊन धुतलं.